‘लो पेशंट रिलायबिलिटी’ : एका शेऱ्याचा इतिहास

माझे आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. रात्री डेपोत वेबिल आणि कॅश जमा करताना आपला हिशोब कधी चुकला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. ते गेल्यावर त्यांची डोळ्यांची फाईल माझ्याकडे आली. त्यात १९९९ सालचा एक कागद आहे. कागदावर उजव्या डोळ्याचा राखाडी नकाशा, आकड्यांची रांगोळी, आणि त्यात तीन चांदण्यांच्या मधोमध एक इंग्रजी शेरा : ‘लो पेशंट रिलायबिलिटी’. म्हणजे पेशंट फारसा भरवशाचा नाही.

त्या दिवशी आजोबांसोबत बाबा गेले होते. टेस्ट घेणारा मुलगा म्हणाला, “आजोबा, तुमचं लक्ष नव्हतं. ठिपका दिसला तरी बटण दाबत नव्हता. टेस्ट भरवशाची नाही आली.” मुलगा काही वाईट बोलला नाही, यंत्राने छापलेलं त्याने मराठीत सांगितलं. पण घरी येताना आजोबा बाबांना म्हणाले, “म्हणजे मी भरवशाचा नाही, असंच ना?” त्यानंतर ते ड्रॉप्स घालत राहिले, डोळ्याचं प्रेशरही तपासून घेत राहिले, पण ‘ती बटणाची टेस्ट’ पुढची दोन वर्षं त्यांनी केली नाही.

मी एम.एस्सी. केलं भौतिकशास्त्रात. पीएच.डी.साठी गाईडनी काचबिंदूच्या पेशंटमधल्या दृष्टिक्षेत्र तपासणीची विश्वासार्हता हा विषय सुचवला, तेव्हा मला हाच कागद आठवला. आजचा लेख त्या शेऱ्याबद्दल आहे. पेशंट भरवशाचा आहे की नाही, हे ठरवायला कुणी आणि कसं सुरू केलं? आणि जे ठरवलं गेलं, ते बरोबर होतं का?

आंधळ्या ठिपक्यापासून सुरुवात

आधी एक छोटा प्रयोग करा. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटवून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने फक्त डाव्या अंगठ्याकडे बघा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभर जायच्या आतच एका जागी त्या अंगठ्याचं टोक गायब होईल. थोडं पुढे गेलं की परत दिसेल.

डोळ्याची नस जिथे डोळ्यातून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. त्यामुळे नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर प्रत्येकाला एक आंधळा ठिपका असतो. फ्रान्सच्या एदम मारियॉटने तो १६६०च्या दशकात शोधला. त्याआधी हजारो वर्षं माणसं हे भोक घेऊन वावरत होती आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो.

काचबिंदूचं सगळं दुखणं यातच आलं. या आजारात डोळ्याच्या नसेतले तंतू हळूहळू मरतात आणि नजरेत नवी भोकं पडतात. ती बहुधा मध्यभागी पडत नाहीत. पेपर वाचता येतो, माणसं ओळखू येतात, आणि मेंदू भोकं बुजवत राहतो. मेलेला तंतू परत येत नाही, म्हणून भोक लवकर सापडणं आणि ते वाढतंय का हे कळणं महत्त्वाचं. पण ज्याच्या नजरेत भोक आहे त्यालाच ते दिसत नसेल, तर विचारायचं कुणाला? त्यालाच. फक्त प्रश्न हुशारीने विचारायचे. दृष्टिक्षेत्र तपासणीचा, म्हणजे पेरिमेट्रीचा इतिहास हा अशा हुशारीने विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे.

दार, पडदा आणि डॉक्टरांची नजर

एका जागी नजर स्थिर ठेवून आपल्याला किती दूरपर्यंत दिसतं, हे टॉमस यंगने १८०१ मध्ये अंशांत मांडलं : वर ५०, नाकाकडे ६०, खाली ७०, बाहेरच्या बाजूला ९०. पण ही निरोगी डोळ्याची हद्द झाली. आजारी डोळ्याची हद्द पद्धतशीर मोजून निदानासाठी वापरायला सुरुवात केली ती बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी, १८५६ मध्ये. पेशंटने समोरच्या सपाट फळ्यावरच्या एका खुणेकडे बघत राहायचं आणि डॉक्टरने आजूबाजूला वस्तू दाखवत विचारायचं. पुढे ब्रेस्लाउच्या रिचर्ड फर्स्टर यांनी फळ्याच्या जागी अर्धवर्तुळाकार कमान आणली. त्यामुळे कडेची नजर नीट मोजता येऊ लागली.

पण काचबिंदूची सुरुवात कडेला नसतेच. ती केंद्राच्या आसपास, आंधळ्या ठिपक्यापासून निघणाऱ्या कमानीत असते. हे कळायला कोपनहेगनचे यानिक ब्येरुम यावे लागले. त्यांनी १८८९ मध्ये पेशंटला दोन मीटर दूर बसवलं आणि अगदी लहान पांढऱ्या गोळ्या लांब काठीच्या टोकाला लावून फिरवल्या. पडदा म्हणून त्यांनी सुरुवातीला आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची आतली बाजू वापरली, असं सांगतात. अंतर वाढवल्यामुळे नजरेचा मधला भाग मोठा पसरला आणि त्यात ती धनुष्यासारखी वाकलेली काळी पट्टी सापडली. काचबिंदूतल्या त्या खुणेला आजही ब्येरुमचं नाव आहे.

या काळात भरवशाचा प्रश्न वेगळा विचारण्याची गरजच नव्हती. पेशंटची नजर हलली, तो कंटाळला, अंदाजे ‘हो’ म्हणाला, तर डॉक्टर समोरच असायचे. ते थांबायचे, परत समजावायचे, शंका आलेली जागा पुन्हा तपासायचे. १९४५ मध्ये बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी ३० सेंटिमीटर त्रिज्येचा पांढरा अर्धगोल बनवला आणि त्यात पार्श्वभूमीचा उजेड व ठिपक्याचं तेज दोन्ही पक्कं ठरवून दिलं. पेशंटने अर्धगोलात डोकं ठेवायचं आणि परीक्षकाने मागून एका छोट्या दुर्बिणीतून त्याच्या डोळ्यावर लक्ष ठेवायचं. मोजमाप काटेकोर झालं, पण भरवसा ठरवणारा अजून माणूसच होता. अडचण एवढीच की परीक्षक बदलला की निकालही बदलायचा.

यंत्र येतं आणि सापळे लावतं

१९७०च्या दशकात संगणक आला. बर्नमध्ये फ्रान्झ फांकहाउसर यांच्या कामातून ऑक्टोपस हे यंत्र तयार झालं. स्वीडनमध्ये आंदर्स हाईल आणि क्राकाउ यांनी १९७५ मध्ये आपल्या स्वयंचलित यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. १९८०च्या दशकात हम्फ्री यंत्र बाजारात आलं आणि जगभर पसरलं. आजोबांची टेस्ट झाली ती त्याच जातीच्या यंत्रावर.

आता ठिपका फिरत नव्हता. ठरलेल्या जागी, सेकंदाचा पाचवा भाग एवढाच वेळ तो चमकायचा. दिसला तर बटण, नाही दिसला तर गप्प. दिसला तर पुढच्या वेळी ४ डेसिबलने मंद, नाही दिसला तर ४ डेसिबलने तेजस्वी. उत्तर पलटलं की पावलं २ डेसिबलची. असं करत प्रत्येक जागेचा उंबरठा शोधायचा, म्हणजे जेमतेम दिसणं आणि न दिसणं यांच्या मधली रेघ. केंद्राभोवतीच्या ३० अंशांत अशा ७६ जागा.

यात एक गोष्ट पेशंटला बहुधा कुणी सांगत नाही. उंबरठा शोधायचा म्हणजे जवळपास अर्धे ठिपके दिसू नयेत, अशीच टेस्टची रचना असते. निरोगी माणसालाही अर्धे दिसत नाहीत. हे माहीत नसलेला माणूस अंधाऱ्या खोलीत, एका डोळ्यावर पट्टी बांधून, पंधरा मिनिटं ‘मला काहीच दिसत नाही, मी नापास होतोय’ असं मनात म्हणत बसतो.

परीक्षकाची दुर्बीण मागे पडली, तेव्हा पेशंट नीट उत्तरं देतोय का हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी तीन सापळे लावले गेले.

पहिला सापळा हाईल आणि क्राकाउ यांचा, आणि तो खरंच सुंदर आहे. टेस्टच्या अधूनमधून मारियॉटच्या आंधळ्या ठिपक्यावर प्रकाश पाडायचा. नजर केंद्रावर असेल तर तो दिसणं शक्यच नाही. दिसला, म्हणजे नजर हलली. साडेतीनशे वर्षांपूर्वी सापडलेलं भोक आता साक्षीदार म्हणून उभं राहिलं.

दुसरा सापळा : ठिपका दाखवल्याचा आवाज करायचा पण प्रकाश पाडायचाच नाही. तरीही बटण दाबलं, तर पेशंट उगाच ‘हो’ म्हणतोय.

तिसरा सापळा : ज्या जागी पेशंटला आधी मंद ठिपका दिसलाय, तिथेच बराच जास्त तेजस्वी ठिपका दाखवायचा. तो दिसायलाच हवा. बटण दाबलं नाही, तर पेशंटचं लक्ष नाही, तो दमलाय किंवा झोप लागतेय.

मग मर्यादा ठरल्या. पहिल्या सापळ्यात २० टक्के, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३३ टक्के. त्यापलीकडे गेलं की छापील शेरा. पूर्वी डॉक्टरच्या मनात राहणारी शंका आता पेशंटच्या कागदावर, त्याच्या नावाखाली आली.

शेऱ्याची उलटतपासणी

मर्यादा ठरवणं सोपं, त्या बरोबर आहेत का हे तपासणं अवघड. १९८८ मध्ये बाल्टिमोरच्या जोआन कॅट्झ आणि आल्फ्रेड सॉमर यांनी हेच तपासलं. निरोगी लोकांतलेही बरेच जण नापास होत होते आणि काचबिंदूचे पेशंट त्याहून जास्त. सगळ्यात जास्त जण अडकत होते ते पहिल्या सापळ्यात. त्यातही मेख होती : यंत्राने सुरुवातीला आंधळा ठिपका थोडा चुकीच्या जागी धरला, किंवा पेशंटची मान जराशी तिरकी झाली, तर नजर अगदी स्थिर असूनही ‘नजर हलली’ असाच निकाल येतो. साक्षीदार खरा होता, पण त्याला चुकीच्या जागी उभं केलं जात होतं.

दुसऱ्याच वर्षी हाईल आणि सहकाऱ्यांनी काचबिंदूच्या पेशंटची तीच टेस्ट थोड्या काळात पुन्हा पुन्हा घेतली. आजार एवढ्यात वाढणं शक्य नव्हतं, तरी आकडे उड्या मारत होते. ज्या जागी नजर मध्यम प्रमाणात गेलेली होती, तिथे पुढच्या टेस्टचा आकडा यंत्राच्या जवळपास संपूर्ण मापनपट्टीवर कुठेही येऊ शकत होता. निरोगी जागांवर मात्र तो बऱ्यापैकी जागेवर राहत होता.

याचं कारण समजून घ्यायला दिव्याच्या बटणाचा विचार करा. निरोगी जागा साध्या बटणासारखी असते. ठराविक तेजाच्या खाली दिसत नाही, वर दिसतं, मधली हद्द अगदी अरुंद. तंतू मेलेल्या जागी तसं राहत नाही. तिथे संकेत मोजक्या तंतूंवरून येतात, म्हणून तोच ठिपका एकदा दिसतो, एकदा दिसत नाही. थोडं तेज वाढवलं तरी तेच. रेघ पुसट होऊन रुंद पट्टा होतो. अशा जागी तिसरा सापळा लावला तर काय होईल? आधी नशिबाने मंद ठिपका दिसला, यंत्राने तो हिशोबात धरला. नंतर तेजस्वी ठिपका आला आणि खरोखरच दिसला नाही. पेशंटने प्रामाणिकपणे बटण दाबलं नाही. यंत्राने लिहिलं : लक्ष नाही.

आता हे नुसतं तर्काने पटवता येत नाही, कारण काचबिंदूचे पेशंट वयस्कर असतात, दमतात, हेही खरंच आहे. मग लक्ष नाही की नस खराब आहे, हे वेगळं कसं काढायचं? माल्मोच्या बोएल बेंग्टसन आणि हाईल यांनी २०००मध्ये यावर साधा उपाय वापरला. एका डोळ्याचं दृष्टिक्षेत्र खराब आणि दुसऱ्याचं चांगलं, असे पेशंट त्यांनी घेतले. माणूस तोच, वय तेच, स्वभाव तोच. दोष लक्षाचा असेल तर दोन्ही डोळ्यांत सारखा दिसायला हवा. तो तसा दिसला नाही. तिसऱ्या सापळ्यातल्या चुका खराब डोळ्यात स्पष्टपणे जास्त होत्या. म्हणजे तो आकडा बऱ्याच अंशी पेशंटचं लक्ष मोजत नव्हता, त्याचा आजार मोजत होता.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला त्या संध्याकाळी घरी येऊन आजोबांची फाईल काढली. उजवा डोळा, तिसरा सापळा : १२ पैकी ५ चुका. मग पुढचं पान उलटलं. डावा डोळा, तीच सकाळ, तोच माणूस, तेच बटण : ११ पैकी ०.

एका टेस्टवर किती भरवसा?

तेव्हा पेशंट निर्दोष आणि यंत्र दोषी, असा उलटा निकाल लावायचा का? नाही. त्याच २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आलेली गोष्ट बघा. डोळ्याचं प्रेशर जास्त पण नस अजून ठीक, अशा १६००हून अधिक लोकांवर हा अभ्यास वर्षानुवर्षं चालू होता. त्यात ७०३ तपासण्या अशा निघाल्या, ज्या सापळ्यांतून सुखरूप पास झालेल्या, म्हणजे ‘विश्वासार्ह’ होत्या आणि तरी त्यात दोष दिसत होता. त्या परत घेतल्या, तेव्हा ६०४ वेळा, म्हणजे जवळपास ८६ टक्के वेळा, तो दोष पुन्हा सापडलाच नाही. अभ्यासकांनी आधीच, १९९७ पासून, नियम कडक केला होता : लागोपाठ दोन नव्हे, तीन तपासण्यांत दोष दिसला तरच तो खरा धरायचा.

म्हणजे शेरा नसलेला कागदही एकटा भरवशाचा नाही, आणि शेरा असलेला कागद टाकाऊ नाही. भरवसा ही एका माणसाच्या किंवा एका कागदाच्या अंगची गोष्ट नाहीच. ती कागदांच्या मालिकेतून तयार होते. म्हणूनच २००८ मध्ये हॅलिफॅक्सचे बाल चौहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की निदान झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा तपासण्या घ्याव्यात. झपाट्याने वाढणारा आजार तरच वेळेत ओळखता येतो.

यंत्रही या काळात शिकलं. १९९७ मध्ये स्वीडिश गटाने सीता ही नवी पद्धत आणली. (नावावर जाऊ नका, ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत.) तिने टेस्टचा वेळ जवळपास निम्मा केला. उगाच दाबलेलं बटण ओळखण्यासाठी खोटा आवाज करायची गरज राहिली नाही. माणूस किती वेळात बटण दाबतो याचा अंदाज घ्यायचा आणि ज्या क्षणी खरं उत्तर येणं शक्यच नाही, तेव्हाची बटणं मोजायची. २०१९ मध्ये आलेल्या तिच्या आणखी वेगवान रूपात तर तिसरा सापळा काढूनच टाकला. ज्या प्रश्नावर आजोबा नापास झाले, तो प्रश्नच आता पेपरात नाही.

दोन वर्षं

आजोबांनी २००१ मध्ये, बाबांनी फार मागे लागल्यावर, पुन्हा टेस्ट केली. उजव्या डोळ्यात वरच्या अर्ध्यात कमान स्पष्ट उमटली होती, ब्येरुमने दारावर पाहिली होती तशीच. मग औषध बदललं. १९९९ चा कागद मी आता शिकलेल्या डोळ्यांनी बघते, तेव्हा त्याच जागी फिकट राखाडी ठिपके दिसतात आणि आकडे शेजाऱ्यांपेक्षा पडलेले दिसतात. त्या कागदावर त्या दिवशी वाचण्यासारखं बरंच काही होतं. पण शेरा ठळक होता, म्हणून शेराच वाचला गेला.

माझं सध्याचं काम याच्याशीच संबंधित आहे : चुकांचा आकडा आला की त्यातला किती भाग आजाराचा आणि किती थकव्याचा, हे प्रत्येक जागेच्या आकड्यांवरून वेगळं करता येईल का. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

तोवर घरातल्या कुणाला या टेस्टला नेणार असाल तर एवढं करा. आत जायच्या आधी त्यांना सांगा की अर्धे ठिपके दिसणार नाहीत, तसंच असतं. पापण्या मिटायला बंदी नाही. हम्फ्री यंत्रात दम लागला तर बटण दाबून धरायचं, टेस्ट थांबते, सोडलं की पुढे चालू होते. पहिली टेस्ट बहुतेकांची वाईटच येते, सवयीने सुधारते, म्हणून पहिल्या कागदावर घाबरू नका. जुना एकही कागद फेकू नका. आणि कागदावर भरवशाबद्दल काही शेरा आला, तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : कोणत्या सापळ्यात चूक झाली, आणि दुसऱ्या डोळ्यात काय आलं?

आजोबांसाठी हे दोन प्रश्न कुणी विचारले नाहीत. त्यांचा हिशोब त्या दिवशीही चुकला नव्हता. जे दिसलं त्याला त्यांनी बटण दाबलं, आणि जे दिसलं नाही त्याला दाबलं नाही.